विमानाची धांवपट्टी व तिच्या शेजारची जमीन

शिवारांतून रस्ता, कालवा किंवा लोहमार्ग जाणार अशी बातमी उठली म्हणजे शेतकरी प्रथम एकच प्रश्न विचारतो : माझा गट त्यांत जातो कीं राहतो ? राहतो असें कळलें म्हणजे तो निर्धास्त होतो. विमानतळाच्या बाबतींत मात्र एवढ्यानें भागत नाहीं. धांवपट्टी जमिनीवर जेवढी दिसते, तेवढीच ती नसते. तिचा अंमल आकाशांत चालतो, पाण्याच्या वाटेवर चालतो, आणि ज्यांची एक गुंठाही जमीन गेली नाहीं त्यांच्या घरादारावरही चालतो. हें कसें, तें पनवेलजवळच्या नव्या विमानतळाच्या उदाहरणानें सांगावें व त्यावरून जमीनधारकानें कोणती दक्षता घ्यावी हें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

धांवपट्टीची दिशा व विस्तार

विमान उडतांना व उतरतांना शक्यतों वाऱ्याला तोंड देऊन जातें. त्यामुळें पंखांस उचल लवकर मिळते व थोड्या अंतरांत काम भागतें. म्हणून धांवपट्टीची दिशा मुख्यतः त्या प्रदेशांतील वाऱ्यावर ठरते. शेताच्या बांधांवर ठरत नाहीं. पट्टीच्या दोन टोकांस जे अंक रंगविलेले असतात, ते या दिशेचेच होत. उत्तरेपासून मोजलेल्या अंशांस दहानें भागलें म्हणजे तो अंक येतो. पनवेलच्या पहिल्या पट्टीचे अंक ०८ व २६ आहेत. अर्थात् ती ८० व २६० अंशांची, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. पट्टीची ही रेघ दोन्ही बाजूंस कांहीं कोस वाढवून पाहिली, तर विमानें कोणत्या गांवांवरून जाणार हें कोणासही कळेल.

या पट्टीची लांबी ३,७०० मीटर आहे. बाजूच्या पट्ट्यांसह रुंदी ६० मीटर धरली, तर क्षेत्र सुमारें २२ हेक्टर, म्हणजे ५५ एकर होतें. परंतु विमानतळाचें एकंदर क्षेत्र सुमारें १,१६० हेक्टर, म्हणजे २,८६० एकरांहून अधिक आहे. दुसरी समांतर पट्टी, विमानें उभीं करण्याच्या जागा, इमारती, इंधनाचीं कोठारें व मोकळी सुरक्षित जागा हीं सर्व त्यांत येतात. एका पट्टीमागें पन्नासपटींहून अधिक जमीन लागते, हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रवाशांचा लाभ

लाभ आहे, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन पट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींस छेदतात. म्हणून दोहोंचा उपयोग एकाच वेळीं स्वतंत्रपणें करतां येत नाहीं. गर्दीच्या वेळीं विमानांस आकाशांत घिरट्या घालीत थांबावें लागतें. इंधन जळतें व प्रवाशांचा वेळ जातो. हा ताण हलका करण्यासाठीं पनवेलच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून नियमित उड्डाणें सुरू झालीं. पहिल्या टप्प्यांत वर्षास दोन कोटि प्रवासी व पांच लक्ष टन माल हाताळण्याची त्याची क्षमता ठरविली आहे. रायगड, पुणें व सातारा या बाजूंच्या प्रवाशांस मुंबई शहराची गर्दी ओलांडण्याचें कारण उरत नाहीं.

शेतमालाविषयीं मात्र हिशेब नीट करावा. विमानाचें भाडें वजनावर असतें. म्हणून ज्या मालास वजनाच्या मानानें मोल अधिक व टिकाऊपणा कमी, त्यासच हा मार्ग परवडतो : हापूस आंबा, निवडक भाजी, फुलें. कांदा किंवा ज्वारी विमानानें परदेशीं पाठवून नफा मिळेल, असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

ज्यांची जमीन गेली

नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील जमिनी १९७० नंतर संपादन होऊं लागल्या. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठें आंदोलन झालें, व जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत झालेल्या गोळीबारांत पांच शेतकरी प्राणांस मुकले. त्यानंतर संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें धोरण आलें. विमानतळासाठीं उलवें, तरघर, कोंबडभुजें, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर इत्यादि दहा गांवें उठलीं. त्यांच्यासाठीं २०१४ सालीं हें प्रमाण साडेबावीस टक्के करण्यांत आलें. जो हक्क एका पिढीनें इतकें मोल देऊन मिळविला, त्याचा लाभ दुसऱ्या पिढीस झाला. परंतु खाडींतील मासळीवर ज्यांचें पोट होतें, त्यांची खाडी कोणत्याही सात-बाऱ्यावर नव्हती. त्यांचें नुकसान मोजण्यास माप अपुरें पडलें.

ज्यांची जमीन राहिली

आतां मुख्य विषय. सीमारेषेबाहेर राहिलेल्यांवर चार प्रकारचे परिणाम होतात.

(१) पाणी. पनवेलला उलवें टेकडी फोडण्यांत आली, उलवें नदीचा प्रवाह वळविण्यांत आला व सखल जमिनीवर मोठा भराव घालण्यांत आला. भरावानें जमीन उंच झाली म्हणजे पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजारीं जातें. डुंगी गांव मूळच्या दहा गांवांत नव्हतें. परंतु भरावानंतरच्या पावसाळ्यांत तेथील घरांत पाणी शिरूं लागलें व ग्रामस्थांस पुनर्वसनाची मागणी करावी लागली. जें गांव नकाशावर वांचलें होतें, तें पाण्यानें गांठलें.

(२) उंची. उतरणाऱ्या विमानाच्या मार्गांत अडथळा नसावा म्हणून पट्टीच्या टोकापासून एक अदृश्य उतरण कल्पिलेली असते. मोठ्या पट्टीस ती पन्नासास एक, म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवर सुमारें २० मीटर उंच असते. घर, मनोरा, टाकी यांचा माथा तिच्यावर जातां कामा नये. विमानतळाभोंवतीं २० किलोमीटरपर्यंत रंगांचे नकाशे केलेले असतात व त्यांप्रमाणें बांधकामास परवानगी किंवा ना-हरकत दाखला लागतो. भाव येईल म्हणून जमीन राखून ठेवणाऱ्यानें आपला गट कोणत्या रंगांत आहे, हें आधीं पाहावें.

(३) आवाज. विमान बहुधा तीन अंशांच्या उतारानें उतरतें. म्हणजे दर किलोमीटरास सुमारें ५२ मीटर. पट्टीच्या टोकापासून दोन किलोमीटरवरच्या घरावर तें अवघें सव्वाशें मीटरांच्या आंत असतें. वसतीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु गजबजलेल्या विमानतळांभोंवतीं २०१८ च्या नियमांनीं दिवसा ७० व रात्रीं ६५ अशी सूट दिली आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे कानास आवाज सुमारें दुप्पट वाटतो, यावरून अंतर समजावें. प्रवाशाचा अर्धा तास वांचतो, आणि पट्टीच्या रेघेंतील माणसाची झोप जाते.

(४) पक्षी. घार किंवा गिधाड इंजिनांत सांपडल्यास विमानास अपघात होतो. म्हणून विमानतळापासून दहा किलोमीटरांच्या आंत उघड्यावर जनावरें कापणें, सोलणें किंवा पक्षी जमतील अशी घाण टाकणें यांस बंदी आहे. मेलेलें जनावर गांवाबाहेर उघड्यावर टाकण्याची रीत तेथें सोडावी लागते व खोल पुरण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीस करावी लागते.

भरपाई कोणास ?

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ प्रमाणें, जमिनीचा भाग गेल्यामुळें धारकाच्या उरलेल्या जमिनीचें तुकडे पडून किंवा अन्य रीतीनें नुकसान होत असेल, तर तेंही मोबदल्यांत धरावें लागतें. म्हणजे ज्याचे चार गुंठे गेले, त्यानें उरलेल्या चार एकरांचें नुकसानही मागावें. पुष्कळ लोक तें मागत नाहींत. परंतु ज्याचें कांहींच गेलें नाहीं, त्यास या कलमाचा आधार नाहीं. त्याच्यासाठीं दारें दोनच : सामाजिक परिणामांची सुनावणी व पर्यावरणाची जनसुनावणी. गट वांचला म्हणून जो या सुनावणीस जात नाहीं, तो आपला एकमेव प्रसंग गमावतो. पाण्याचा निकास, मोरीची रुंदी, नाल्याची पातळी हे प्रश्न तेथेंच लेखी मांडून पोंच घ्यावी.

दक्षतेच्या बाबी

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल दप्तरांत गेलें. त्या अनुभवावरून पुढील गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली : नोटीस कोणत्या कायद्याखालीं आहे, हें प्रथम वाचावें. पुरंदर तालुक्यांतील सात गांवांसाठीं २०२५ सालीं निघालेली अधिसूचना औद्योगिक विकासाच्या १९६१ च्या अधिनियमाखालीं होती; त्याची रीत निराळी आहे. २०१३ च्या कायद्यांत प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीस ६० दिवस मिळतात.

दुसरी : वारसनोंद, वाटणी, बोजा यांचे फेरफार अधिसूचनेपूर्वींच पुरे करावे. मयत आजोबांच्या नांवचा सात-बारा म्हणजे नातवांच्या भरपाईस कुलूप.

तिसरी : विहीर, फळझाडें व बागाईत पीक यांची नोंद पीकपाहणींत दरवर्षीं असावी. झाडें व विहिरी यांचें मूल्य निराळें धरलें जातें. पण अंजिराची बाग कागदावर जिराईत दिसली, तर वाद आपल्याच पदरीं येतो.

चौथी : मुद्रांक वांचविण्यासाठीं खरेदीखतांत किंमत कमी लिहूं नये. बाजारभाव ठरवितांना मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांतील वरच्या निम्म्या खतांची सरासरी पाहतात. एकानें वांचविलेला मुद्रांक साऱ्या गांवास भोंवतो.

पांचवी : निवाडा मान्य नसेल तर रक्कम हरकत नोंदवूनच घ्यावी. निवाड्याचे वेळीं हजर असल्यास दाद मागण्याची मुदत सहाच आठवडे आहे.

विमानतळ होऊं नयेत असें येथें म्हणणें नाहीं. परंतु त्याचा नकाशा चावडीवर लागेल तेव्हां आपला गट शोधून घरीं परतूं नये. पट्टीची रेघ कोठें जाते, पाणी कोणीकडे उतरतें व आपला शेजारी त्यांत कोठें आहे, हेंही पाहून मग गांवानें एकत्र बसावें.