नाव पक्ष्याचे, हाडे सरड्याची

आज आपण एका नामशेष सरड्याची ओळख करून घेणार आहोत. त्याच्या प्रजातीचे नाव आहे ऑक्युलुडेंटाव्हिस. नाव लांबलचक आहे, पण लॅटिन शब्द सुटे केले की सोपे होते. ऑक्युलस म्हणजे डोळा, डेंटेस म्हणजे दात आणि आव्हिस म्हणजे पक्षी. आता सरड्याच्या नावात पक्षी आला कुठून?

उत्तर म्यानमारमध्ये आहे. तिथल्या काचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यात अंबर सापडते. अंबर म्हणजे झाडांतून ओघळलेली आणि काळाच्या ओघात घट्ट होत गेलेली राळ. हे अंबर सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातले. अशाच एका तुकड्यात जेमतेम दीड सेंटिमीटरची एक कवटी मिळाली. बाकी शरीर नव्हतेच. निमुळते तोंड, घुमटासारखे डोके, मोठाले डोळे. मार्च २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने ही कवटी मुखपृष्ठावर छापली. हमिंगबर्डएवढा, दात असलेला आदिम पक्षी, म्हणजेच आजवरचा सर्वांत लहान डायनोसॉर, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

पण लगेचच इतर अभ्यासकांनी हरकती घेतल्या. त्या हरकती काय होत्या ते समजून घेऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे.

पहिली हरकत दातांची. डायनोसॉर आणि दात असलेले प्राचीन पक्षी यांचे दात हाडातल्या खोबणीत रुतलेले असतात. इथे दात थेट जबड्याच्या हाडाला जोडलेले होते, जसे सरड्यांचे असतात. शिवाय दातांची रांग मागे पार डोळ्याखालपर्यंत गेलेली. पक्ष्यांमध्ये असे दिसत नाही.

दुसरी हरकत डोळ्यांची. पक्षी आणि सरडे या दोघांच्याही डोळ्यांत छोट्या हाडांचे कडे असते. आपल्या डोळ्यांत ते नसते. या कवटीतल्या कड्याची हाडे चमच्याच्या आकाराची होती, म्हणजे पुन्हा सरड्यासारखी. हे तर मूळ लेखातही नोंदवलेले होते!

तिसरी हरकत जे नव्हते त्याची. डायनोसॉरांच्या कवटीत नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये एक भोक असते. इथे ते नव्हते.

एवढे असताना ही कवटी पक्ष्यासारखी का वाटली? याचे उत्तर दुसऱ्या नमुन्याने दिले. त्याच भागातल्या अंबरात आणखी एक प्राणी सापडला. त्यात कवटीबरोबर शरीराचा काही भाग होता, आणि त्यावर खवले होते. २०२१ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त त्याचे वर्णन आले. नाव ठेवले ऑक्युलुडेंटाव्हिस नागा, तिथल्या नागा लोकांवरून. सीटी स्कॅनवरून दोन्ही कवट्यांचे एकेक हाड संगणकावर सुटे करून ताडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. दोन्ही कवट्या दाबल्या गेल्या होत्या, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. पहिलीचे तोंड दोन्ही बाजूंनी चेपून चोचीसारखे अरुंद झाले होते. म्हणजे त्या पक्षीपणाचा काही भाग प्राण्याचा नव्हताच, तो मेल्यानंतरच्या दाबाचा होता.

तोवर मूळ लेख जुलै २०२० मध्ये मागे घेतला गेला होता. आपण केलेले वर्णन अचूक आहे, पण नव्या नमुन्यामुळे वर्गीकरणाबद्दल शंका निर्माण झाली आहे, असे लेखकांनीच कळवले. हाडे तीच राहिली, त्यांचा अर्थ तेवढा बदलला. नाव मात्र टिकले. प्राणिनामांच्या नियमांनुसार, अर्थ चुकीचा ठरला म्हणून नाव बाद होत नाही.

आता एक अवघड बाजू. काचिनमध्ये लष्कर आणि स्थानिक सशस्त्र गट यांच्यात अनेक वर्षे संघर्ष चालू आहे. २०१७ मध्ये लष्कराने या अंबर खाणींचा ताबा घेतला. तिथले अंबर विकत घेताना आपला पैसा कुणाच्या हाती जातो, हा प्रश्न मग जीवाश्मशास्त्रालाही टाळता येईना. अशा अंबरावरचे संशोधन छापणे थांबवावे, असे पत्र पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या एका मोठ्या संघटनेने २०२० मध्ये नियतकालिकांना पाठवले. नागा जातीचा नमुना २०१७ च्या आधीच कायदेशीर मार्गाने बाहेर आला होता, हे त्याच्या अभ्यासकांनी आवर्जून सांगितले.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी 'जगातला सर्वांत लहान', 'सर्वांत जुना' अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी जरूर पाहा. नमुने किती आहेत? निष्कर्ष नुसत्या बाह्य आकारावर काढलाय की दात, हाडांचे सांधे यांसारख्या खुणांवर? आणि तो नमुना जमिनीतून प्रयोगशाळेपर्यंत कुणाच्या हातून आला?