स्थान कळणे आणि वाट कळणे

अपरिचित मुलखात शिरलेल्या प्रवाशापुढे दोन प्रश्न उभे असतात : आपण या क्षणी कोठे आहोत, आणि इच्छित स्थळी जाण्यास कोणत्या मार्गाने निघावे. मोबाइल फोनच्या पडद्यावर नकाशा उमटतो, त्यावर एक निळा ठिपका सरकत राहतो आणि दोन्ही प्रश्नांचा उलगडा एकाच वेळी होतो. त्यामुळे वाट दाखवितो तो उपग्रहच, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ झाली आहे. वस्तुतः उपग्रहाला आपली वाट ठाऊक नसते, इतकेच नव्हे तर कोणी आपला संदेश ऐकत आहे हेदेखील त्याला कळत नाही. स्थाननिश्चिती हे एक कार्य आणि मार्गदर्शन हे दुसरे, हा भेद ज्याला नीट ध्यानी घ्यावयाचा असेल, त्याने फोनशी बिनतारी जोडल्या जाणाऱ्या स्वतंत्र जीपीएस ग्राहकयंत्राची रचना अवश्य समजून घ्यावी.

आगपेटीहून थोडे मोठे असे हे यंत्र या शतकाच्या पहिल्या दशकात विशेष प्रचारात होते. बहुतेक फोनांत तेव्हा जीपीएसची सोय नसे. म्हणून हे यंत्र मोटारीच्या पुढील काचेखाली ठेवावे, ब्लूटूथने फोनशी जोडावे आणि फोनमध्ये आधीच भरून घेतलेल्या नकाशावर मार्ग पाहावा, असा प्रघात होता. पुढे २००७ साली बाजारात आलेल्या नोकिया एन-९५ सारख्या फोनांनी ग्राहकयंत्र आपल्या पोटातच सामावून घेतले, आणि सामान्य प्रवाशापुरती स्वतंत्र यंत्राची गरज ओसरली. तथापि ते नामशेष झाले नाही. लहान विमाने चालविणारे वैमानिक, समुद्रात नौका घेऊन जाणारे हौशी नाविक आणि जमिनीची मोजणी करणारे भूमापक आजही ते वापरतात.

जीपीएस या व्यवस्थेचे मूळ लष्करी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ साली तिची आखणी हाती घेतली, १९७८ च्या फेब्रुवारीत पहिला उपग्रह सोडला आणि १९९५ साली ती पूर्णत्वास गेल्याचे जाहीर केले. दरम्यान १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलेले एक कोरियन प्रवासी विमान पाडण्यात आले व २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ही व्यवस्था सिद्ध होताच नागरी उपयोगासही खुली राहील, अशी घोषणा अध्यक्ष रेगन यांच्यातर्फे झाली. असे असूनही नागरी संदेशात बुद्ध्या दोष मिसळण्याची तजवीज अनेक वर्षे चालू राहिली व तिच्यापायी स्थान सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकत असे. २००० च्या मे महिन्याच्या आरंभी ती तजवीज रद्द झाली, चूक दहावीस मीटरांवर आली, आणि एका रस्त्यावरील वाहन शेजारच्या रस्त्यावर दिसण्याचा प्रसंग पुष्कळसा टळला.

उपग्रह आपल्या संदेशात मुख्यतः दोन गोष्टी सांगतो : आपल्या घड्याळातील वेळ आणि कक्षेतील आपले स्थान. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघालेला हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात, आपल्यापर्यंत येतो. निघण्याची व पोहोचण्याची वेळ यांतील अवधीला प्रकाशवेगाने गुणले, की त्या उपग्रहाचे अंतर हाती येते. भूमितीच्या दृष्टीने अशी तीन अंतरे पुरावीत. परंतु उपग्रहावर अणुघड्याळ असते आणि आपल्या हातातील यंत्रात साधे स्फटिकाचे घड्याळ असते, व सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे तीनशे मीटरांची चूक, म्हणून आपल्या घड्याळातील दोष हीच चौथी अज्ञात राशी मानून चौथ्या उपग्रहाच्या साह्याने तीही सोडवून घ्यावी लागते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतासिद्धान्ताचा अंमल येथे प्रत्यक्ष चालतो : वेगामुळे उपग्रहावरील घड्याळ रोज सुमारे सात मायक्रोसेकंद मागे पडते, तर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे सुमारे पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जाते, ही अडतीस मायक्रोसेकंदांची तफावत दुरुस्त केली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचली असती.

इतक्या दुरून आलेला संदेश किती क्षीण असावा? एका वॅटचे कोटी भाग करावेत, त्यांतील एकाचे पुन्हा कोटी आणि त्यांतीलही एकाचे शंभर भाग करावेत. जमिनीवरील ग्राहकाच्या वाट्यास सुमारे तेवढीच शक्ती येते. साहजिकच धातूचा पत्रा, काँक्रीटचे छत किंवा डोंगराचा कडा मध्ये आला, की तो खुंटतो अथवा आदळून परावर्तित होतो व लांबच्या मार्गाने येऊन अंतर फुगवून सांगतो. भंडारदऱ्याजवळील सांदण दरीसारख्या अरुंद घळीत आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. तेथे जे काही उपग्रह दृष्टीस येतात ते जवळजवळ एका रेषेत असल्यामुळे उत्तम यंत्रही गोंधळते. स्वतंत्र ग्राहकयंत्राचा लाभ येथेच कळतो. फोन खिशात सुरक्षित ठेवावा आणि ग्राहकयंत्र पाठीवरील पिशवीच्या माथ्यावर आकाशाभिमुख बांधावे, ही मुभा त्यात असते; शिवाय त्याची विद्युत्घटमाला निराळी असल्याने फोनची शक्ती नकाशासाठी शिल्लक राहते.

ग्राहकयंत्राने काढलेले उत्तर फोनला कसे कळते, हा भागही मननीय आहे. नौकानयनाच्या क्षेत्रात ठरलेल्या एनएमईए नामक संकेतानुसार ते यंत्र बहुधा दर सेकंदास साध्या अक्षरांच्या ओळी ब्लूटूथवरून पाठविते. त्यांत वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, उपयोगात असलेल्या उपग्रहांची संख्या आणि त्यांची मांडणी कितपत अनुकूल आहे याचा एक अंक, एवढा मजकूर असतो. या ओळी वाचणाऱ्याने सावध असावे. पुण्याचा अक्षांश त्यांत १८३१.२ असा येईल, म्हणजे १८ अंश ३१.२ मिनिटे, तोच कोणी १८.३१२ अंश असा वाचला, तर तो पुण्याच्या दक्षिणेस सुमारे तेवीस किलोमीटरांवर जाऊन पडेल. अँड्रॉइड फोनमध्ये बाहेरच्या यंत्राचे स्थान सर्व अ‍ॅपना मिळावे यासाठी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'मॉक लोकेशन'ची परवानगी द्यावी लागते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या साऱ्या मजकुरात रस्त्याचा, पुलाचा वा घाटाचा उल्लेख कोठेही नाही. ग्राहकयंत्राचे काम येथे संपते. पुढचे सर्व काम नकाशाचे, आणि नकाशा मनुष्यांनी पायपीट करून सिद्ध केलेला असतो. १८०२ साली मद्रास येथे पायारेषा मोजून लॅम्बटन यांनी ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, त्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने या देशाच्या नकाशाला पक्का आधार दिला. आज महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख खात्याचे भूकरमापक हद्दीची मोजणी करण्यास 'रोव्हर' घेऊन जातात, तो या बिनतारी ग्राहकयंत्राचाच अधिक सूक्ष्म अवतार होय : काठीवर बसविलेले ग्राहकयंत्र, हातात बिनतारी जोडलेला टॅब आणि कायम ठिकाणी उभारलेल्या संदर्भकेंद्रांकडून मोबाइलच्या जाळ्यावर येणारी दुरुस्ती, या तिहींच्या मेळाने काही सेंटिमीटरांपर्यंतची अचूकता साधते. परंतु ती हद्द कोणाची, हे अखेर दप्तरातील नोंदीच सांगतात.

म्हणून आडवाटेने निघणाऱ्याने त्या भागाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा. कारण उपग्रहाचा संदेश मोबाइलच्या जाळ्यावाचून मिळतो, पण नकाशा तसा मिळत नाही. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की नकाशा केवळ सरकारी कचेरीतच तयार होतो असे नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या उपक्रमात सामान्य माणसांनी ग्राहकयंत्रे बरोबर घेऊन गावोगावच्या वाटा चालून नोंदविल्या. आपल्या खेड्याची पाणंद, पाणवठ्याची पायवाट, पावसाळ्यात बंद होणारा ओढा यांचे ज्ञान कोणत्याही उपग्रहापाशी नाही; ते तेथे राहणाऱ्याजवळ आहे. ज्याला वाट ठाऊक आहे त्याने ती चालून नकाशावर उतरविली, तरच केवळ स्थान सांगणारे हे यंत्र परक्याला वाट दाखविण्यास समर्थ होते. आणि ते काम पार पाडणे ही त्या जाणत्या माणसाची जबाबदारी आहे.