सर्व्हरचा पहिला पहारेकरी

जबलपूर शहराच्या उत्तरेस, सिहोऱ्याच्या पश्चिमेकडे मझौली हे गाव आहे. विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे ते त्या मुलखात ओळखले जाते. जबलपूर जिल्ह्यातील एका तहसिलीचे ते मुख्य ठिकाणही आहे. तहसिलीच्या गावी पूर्वापार दोन गोष्टी जपाव्या लागत : सरकारचा पैसा आणि शेतकऱ्याच्या जमिनीचे कागद. पैशासाठी उपकोषागारांतून दुहेरी कुलपाची पद्धत असे. तिजोरीच्या खोलीस दोन कुलपे, त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या ताब्यात आणि दाराशी पोलिसांचा पहारा. एकट्याने दार उघडताच येऊ नये, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

आता खसरा आणि खतौनी ही मध्यप्रदेशातील जमिनीची कागदपत्रे संगणकावर आली आहेत, आणि बँकेतील ठेवही वस्तुतः एका नोंदीच्या रूपानेच अस्तित्वात असते. या नोंदी ज्या संगणकावर ठेवलेल्या असतात आणि इतर अनेक संगणकांना ज्याच्याकडून त्या पुरविल्या जातात, त्यास सर्व्हर म्हणतात. तो मझौलीत असो, भोपाळात असो की आणखी कोठे, त्यात फेरफार झाला तर मझौलीच्या शेतकऱ्याचे शेत कागदावरून नाहीसे होऊ शकते.

ही भीती काल्पनिक नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी जो हल्ला झाला, त्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. तिजोरीस कोणी हातही लावला नव्हता. एटीएम यंत्रांकडून येणारी परवानगीची विचारणा बँकेच्या खऱ्या व्यवस्थेकडे न जाता चोरांनी उभारलेल्या बनावट व्यवस्थेकडे जात होती, आणि ती प्रत्येकास होकार देत होती. अठ्ठावीस देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. केवळ पुढे सांगितलेल्या उपायांनी ती चोरी टळली असती, असे म्हणणे मात्र योग्य होणार नाही. चोर तेथे जाळ्याच्या मार्गाने शिरले होते. पण सर्व्हर परक्याच्या आज्ञेत गेला म्हणजे काय होते, हे त्यावरून कळते.

सर्व्हरला आज्ञा देणारी पहिली व्यक्ती कोण? सामान्य समजूत अशी की, पडद्यावर परवलीचा शब्द विचारला जातो तेथे पहारा सुरू होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कळ दाबताच संगणकाचा प्रक्रियक प्रथम मुख्य पट्टीवरील एका लहानशा चकतीतील आज्ञा वाचू लागतो. या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. स्मृती जागेवर आहे काय, तबकड्या जोडलेल्या आहेत काय, हे ती तपासते. आणि मग कोणत्या तबकडीवरील कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवायचा, हे ठरविते. परवलीचा शब्द विचारणारी कार्यप्रणाली यानंतर जागी होते.

येथेच खिंड आहे. समजा, एखाद्याने बोटाएवढ्या स्मृतिकांडीवर स्वतःची कार्यप्रणाली आणली आणि ती सर्व्हरला जोडून यंत्र पुन्हा सुरू केले. फर्मवेअरने निमूटपणे तिच्या हाती कारभार दिला, तर मूळ कार्यप्रणाली जागी होतच नाही आणि तिचे परवलीचे शब्द कोणी विचारीतही नाही. तबकडीवरील मजकूर सांकेतिक लिपीत नसेल, तर तो उघड्या वहीसारखा वाचता येतो.

यास्तव पहिला उपाय असा की, फर्मवेअरच्या मांडणीस स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा, आरंभासाठी केवळ आतील तबकडी मान्य करावी आणि बाहेरून जोडलेल्या साधनांवरून आरंभ करण्यास बंदी घालावी. यंत्र सुरू होतानाच शब्द विचारण्याचीही सोय असते; ती सर्व्हरवर वापरताना विचार करावा. वीज जाऊन परत आली म्हणजे रात्री दोन वाजताही सर्व्हरने आपणहून उठणे अपेक्षित असते. हा शब्द ठेवल्यास माणूस येईपर्यंत तो तसाच खोळंबून राहील, आणि विजेची ये-जा असलेल्या गावी हा त्रास थोडा नव्हे.

जुन्या यंत्रांत हे शब्द नाण्याएवढ्या एका घटाच्या बळावर टिकून राहत. झाकण उघडून घट काढला की शब्द पुसला जाई! नव्या यंत्रांत तो बहुधा घटावाचूनही टिकतो, तथापि शब्द पुसण्यासाठी मुख्य पट्टीवर खटका ठेवण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून झाकणास कुलूप हवे, खोलीस कुलूप हवे. झाकण उघडल्याची नोंद करणारा खटका अनेक सर्व्हरांत असतो. पण ती नोंद कोणी वाचली तरच तिचा उपयोग.

पहारेकरीच फितूर झाला तर? २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ नावाच्या विषाणूने आशियातील असंख्य संगणकांचे फर्मवेअर पुसून टाकले. ते संगणक सुरूच होईनात. २०१८ मध्ये उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ अधिक कावेबाज निघाला. तो फर्मवेअरमध्येच दडून राही. तबकडी बदलली तरी जात नसे. अशा फितुरीवर ‘सिक्युअर बूट’ ही योजना काही अंशी उतारा आहे. हिच्यात फर्मवेअर पुढील आज्ञावलीवरील गणिती स्वाक्षरी पडताळून पाहते आणि ती मान्य किल्लीची नसेल तर कारभार सोपविण्याचे नाकारते. येथेही माणसाचा गलथानपणा आडवा आलाच. शेकडो प्रकारच्या यंत्रांत केवळ चाचणीसाठी बनविलेली किल्ली तशीच राहून गेल्याचे २०२४ मध्ये आढळले. त्या किल्लीवर ‘विश्वास ठेवू नये’ असे स्पष्ट लिहिलेले होते.

आणखी एक दार पुष्कळदा विसरले जाते. बहुतेक सर्व्हरांत देखरेखीसाठी एक छोटा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी विजेची तार जोडलेली असेपर्यंत तो जागा असतो, आणि दूर बसून त्याच्या द्वारे यंत्र चालू-बंद करता येते. कारखान्यातून आलेला त्याचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि त्याची तार सर्वसाधारण जाळ्यात जोडू नये.

तबकडीवरील मजकूर सांकेतिक लिपीत ठेवून त्याची किल्ली ‘टीपीएम’ नामक चकतीत बंदिस्त करण्याची सोयही आता आहे. आरंभीच्या आज्ञावल्यांत बदल दिसला तर ही चकती किल्ली देत नाही. मात्र तिला चोर आणि दुरुस्ती करणारा कारागीर यांतील भेद कळत नाही. मुख्य पट्टी बदलली, काही वेळा फर्मवेअरची नवी आवृत्ती घातली, तरीही ती हटून बसते. अशा वेळी पर्यायी किल्ली, म्हणजे लांबलचक आकड्यांची ओळ, हाताशी नसेल तर मालकासही आपल्या नोंदी कायमच्या मुकाव्या लागतात. ही ओळ कागदावर उतरवून मोहोरबंद पाकिटात, सर्व्हरच्या खोलीपासून दूर आणि एकाहून अधिक जबाबदार व्यक्तींच्या माहितीत ठेवतात. आणि फर्मवेअरला हात लावण्यापूर्वी ते पाकीट जागेवर आहे ना, हे पाहून घेतात.