संशय माइकवर, कारभार भलतीकडे

घरात गिझरचा विषय निघतो आणि रात्री इन्स्टाग्रामवर गिझरची जाहिरात झळकते. असा किस्सा सांगणारं एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबात असतं आणि त्याचा निष्कर्षही ठरलेला असतो: फोन आपलं बोलणं ऐकतो. काही जण तर पैशांबद्दल किंवा सुनेबद्दल बोलायचं झालं की फोन आतल्या खोलीत ठेवून येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हा संशय तपासून पाहिला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अँड्रॉइडची १७,२६० अ‍ॅप्स होती. माइक गुपचूप चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही अ‍ॅप त्यांना आढळलं नाही. कुठलंच अ‍ॅप कधीच ऐकत नाही, असा दावा मात्र त्यांनी केला नाही आणि ते योग्यच होतं. गंमत म्हणजे त्यांना भलतंच काही सापडलं. काही अ‍ॅप्स वापरणाऱ्याच्या स्क्रीनची चित्रं किंवा चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. त्याबद्दल कुणाच्या घरी चर्चा झाल्याचं ऐकिवात नाही.

संशय जिवंत राहायला जाहिरातवाल्यांनीही हातभार लावला. २०२३ च्या अखेरीस कॉक्स मीडिया ग्रुप ही अमेरिकी कंपनी ‘अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग’ नावाची सेवा विकत असल्याचं उघड झालं. लोकांचं बोलणं टिपून त्यानुसार जाहिराती दाखवू, असा तिचा दावा होता. बोभाटा झाल्यावर तो मजकूर हटला आणि आपण कुणाचं संभाषण ऐकत नाही, असा खुलासा कंपनीने केला. विक्रेत्याने आपल्या मालाबद्दल मारलेली बढाई पुरावा म्हणून धरायची नसते, एवढं तरी यातून दिसतं.

मग गिझर आला कुठून? घरातल्याच कुणीतरी त्याच वाय-फायवरून किमती पाहिलेल्या असतात. थंडी सुरू झालेली असते, त्यामुळे ती जाहिरात तशीही हजारो लोकांना दिसत असते. शिवाय दिवसभरात नजरेखालून गेलेल्या, आपल्याशी काहीही संबंध नसलेल्या जाहिराती आपण विसरून जातो. जुळलेली एकच लक्षात राहते.

“मी त्यांना काही सांगितलंच नाही”

खरी मेख इथे आहे. तुमच्याबद्दल सांगणारे तुम्ही एकटे नसता. बहुतेक अ‍ॅप्समध्ये फेसबुक, गूगल यांनी पुरवलेले तयार सॉफ्टवेअरचे तुकडे जोडलेले असतात. अ‍ॅप बनवणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो आणि जाता जाता ते आपल्या मूळ मालकालाही खबर देतात. प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने २०१८ च्या अखेरीस ३४ अ‍ॅप्स तपासली, तेव्हा त्यातली किमान ६१ टक्के अ‍ॅप्स उघडल्या क्षणी फेसबुकला माहिती पाठवत होती. वापरणाऱ्याचं फेसबुकवर खातं असो वा नसो. पुढे २०२४ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेने ७०९ स्वयंसेवकांच्या फेसबुक खात्यांची छाननी केली. एकेका माणसाची माहिती सरासरी २,२३० कंपन्यांनी फेसबुककडे पाठवलेली निघाली.

यात दुकानंही आली. कपड्यांच्या दुकानात बिल करताना “नंबर सांगा” म्हटलं की आपण मुकाट्याने सांगतो. दुकानदाराला आपल्या ग्राहकांच्या नंबरांची यादी मेटाच्या, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीच्या, जाहिरात यंत्रणेत चढवता येते. नंबर आधी संकेतात बदलले जातात, म्हणून कंपन्या याला सुरक्षित म्हणतात. पण मेटाकडचे नंबरही त्याच सूत्राने बदलता येतात. दोन्ही बाजूंचे संकेत जुळले की तुमचं खातं सापडतं. वर या ग्राहकांसारखेच आणखी लोक शोधून द्या, असंही यंत्रणेला सांगता येतं. नंबराची सक्ती करू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना केली होती. काउंटरवर तिची आठवण करून देणारा ग्राहक मात्र विरळाच.

खातं सुरक्षित राहावं म्हणून दिलेला नंबरही यातून सुटला नाही. सुरक्षेसाठी घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरल्याचा ठपका २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकवर ठेवला. त्या वेळच्या ५ अब्ज डॉलरच्या दंडामागच्या आरोपांपैकी तो एक होता. २०२२ मध्ये याच कारणासाठी ट्विटरला १५ कोटी डॉलर मोजावे लागले.

“कंपन्या आपला डेटा विकतात”

मेटा किंवा गूगल तुमच्या नावाची यादी कुणाला विकत नाहीत. विकतील कशाला? यादी हातची गेली तर धंदाच बसेल. त्या विकतात ती तुमच्यापर्यंत पोचण्याची सोय. नागपुरात राहणारी, नुकतंच लग्न ठरलेली, दागिन्यांची पानं पाहणारी माणसं हवीत, असं सराफाने सांगायचं. ती माणसं कोण हे त्याला न कळताही जाहिरात त्यांच्यापुढे जाते. २०२३ मध्ये मेटाच्या सुमारे १३५ अब्ज डॉलरच्या उत्पन्नात जाहिरातींचा वाटा जवळपास १३२ अब्ज होता.

म्हणून निर्धास्त व्हावं असं नाही. पाळीची नोंद ठेवणारं फ्लो हे अ‍ॅप घ्या. माहिती खासगी राहील असं सांगूनही त्याने ती फेसबुक, गूगल यांच्यापर्यंत पोचवल्याच्या तक्रारीवर २०२१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड झाली. विक्री झाली नसेल. पण कुणाला दिवस गेलेत हे भलत्याला कळायचं ते कळलंच.

“व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं वाचलं जातं”

दोन माणसांमधले मेसेज २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. मेटा ते वाचत नाही. मात्र कुणाचा नंबर काय, फोन कोणता, कोणत्या व्यापारी खात्याशी व्यवहार झाला, ही माहिती त्या कुलपाबाहेर राहते. २०२१ च्या धोरणातून ती मेटाच्या इतर कंपन्यांशी वाटून घेण्याची अट ग्राहकांवर लादली, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण अपिलात गेलं.

असाच गैरसमज ब्राउझरच्या ‘इन्कॉग्निटो’ या खासगी खिडकीबद्दलही असतो. तिने शोधाचा इतिहास तुमच्या फोनवर उरत नाही, म्हणजे तो घरच्यांना दिसत नाही. वेबसाइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसताच.

“सेटिंग बदलून काय होणार?”

हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो हात बांधतो. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर एक साधा प्रश्न आणला: या अ‍ॅपला तुमचा माग काढू द्यायचा का? असंख्य लोकांनी नको म्हटलं. त्याने मेटाला २०२२ सालात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज खुद्द कंपनीच्या वित्तप्रमुखांनीच दिला होता.

अँड्रॉइडवर असा प्रश्न कुणी विचारत नाही, आपणच शोधावं लागतं. सेटिंग्जमध्ये गूगलच्या भागात ‘जाहिराती’ उघडून जाहिरात आयडी हटवता येतो. जाहिराती थांबत नाहीत, पण वेगवेगळ्या अ‍ॅप्समधल्या तुमच्या हालचाली एकमेकींशी जोडणारा मोठा धागा तुटतो. लोकेशन, फोटो, संपर्क यांची परवानगी एकेका अ‍ॅपला नाकारता येते. विजेरीच्या अ‍ॅपला तुमच्या संपर्कांशी काय देणंघेणं? फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये बाहेरच्या कंपन्यांनी तुमच्याबद्दल काय काय कळवलं त्याची यादी असते. एकदा अवश्य पाहा, करमणूक होईल. ती पुसता येते आणि पुढची जोडणीही तोडता येते. मात्र त्यानंतरही माहिती मेटाकडे येतच राहते, फक्त तुमच्या खात्याला चिकटवली जात नाही.