अस्वलांच्या सेवेला जाण्याआधी

सुट्टीत किंवा महिनाभराची रजा काढून वन्यजीव उपचार केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करावं, असं आता कोल्हापुरातल्या अनेक तरुण मुलामुलींना वाटतं. ही इच्छा मोलाची आहे. पण ती बहुधा मोबाइलवरच्या व्हिडिओतून आलेली असते : गळ्याला मिठी मारून बसलेला स्लॉथ आणि त्याला कुरवाळणारी पर्यटक मुलगी. ते चित्र डोक्यात घेऊन माणूस केंद्राच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या समजुतींची किंमत प्राण्याला मोजावी लागते.

मुळात स्लॉथ हा प्राणी भारतात नाहीच. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात आहे ते अस्वल. त्याचं इंग्रजी नाव 'स्लॉथ बेअर', म्हणून दोघांची गल्लत होते. ती गल्लत जुनीच आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नख्या आणि दातांची ठेवण पाहून अस्वलाला स्लॉथच्याच गटात घातलं होतं. पुढे वर्गीकरण सुधारलं, नाव मात्र तसंच राहिलं.

त्या नावामुळे अस्वल सुस्त असतं असं कुणी समजू नये. वारूळ फोडून वाळवी खाणारा हा प्राणी आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून तो वाळवी जोराने ओढून घेतो, आणि त्या वेळी धूळ आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतो. करवंदं, जांभळं, उंबरं आणि मध हा त्याचा बाकीचा आहार. पळण्यात तो माणसाला सहज गाठतो, झाडावरही चढतो. त्यामुळे अस्वल दिसताच झाडावर चढावं हा जुना सल्ला कामाचा नाही. त्याचे बहुतेक हल्ले अचानक समोरासमोर आल्यामुळे होतात, आणि पिल्लं पाठीवर असलेली मादी तर कुणालाही जवळ येऊ देत नाही. रानात गप्पा मारत, चाहूल देत चालणं हाच खरा बचाव.

सर्वांत मोठा गैरसमज आहे तो स्पर्शाचा. प्राणी मिठी मारतो म्हणजे त्याला माया वाटते, असं आपण धरून चालतो. स्लॉथचा चेहरा घडणीनेच हसरा आहे, भेदरलेला असतानाही तो तसाच दिसतो. पिल्लू आईच्या अंगाला आणि पुढे झाडाच्या फांदीला घट्ट धरून जगतं, म्हणून ते माणसालाही धरतं. अस्वलाच्या अनाथ पिल्लाला माणसाच्या हाताची सवय लागली, तर त्याचा जंगलाकडे परतण्याचा रस्ताच बंद होतो, कारण मोठं झाल्यावरही ते माणसाकडे यायला घाबरत नाही. शिवाय रोग फक्त प्राण्यांकडूनच माणसाला होतात असं नाही, माणसाचा क्षयरोग अस्वलांनाही जडतो. म्हणून चांगल्या केंद्रात स्वयंसेवक आणि अस्वल यांच्यामध्ये गज असतात. तिथे वाट्याला येतं ते फळं चिरणं, खीर शिजवणं, भांडी घासणं, ओंडक्याच्या छिद्रांत मध भरून ठेवणं, टायरचे झोपाळे बांधणं आणि कोणत्या अस्वलाने किती खाल्लं याची नोंद ठेवणं. मध शोधण्यात अस्वलाचा तास-दीड तास गेला, तर तेवढा वेळ ते पिंजऱ्यात नुसत्या येरझारा घालत नाही. माझ्या मते केंद्रातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

सुटका झालेलं जनावर लगेच जंगलात का सोडत नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर दरवेशांच्या अस्वलांनी दिलं आहे. गल्लोगल्ली अस्वल नाचवणारा दरवेशी आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिला आहे. दृष्ट लागू नये म्हणून अस्वलाचे केस ताईतात घालून मुलांच्या गळ्यात बांधण्याची पद्धतही होती. त्या नाचामागे काय असे, हे मात्र फारसं बोललं गेलं नाही. आईला मारून पिल्लू पळवायचं, भूल न देता तापलेल्या सळईने नाक-तोंड टोचायचं, त्यातून दोरी ओवायची, सुळे पाडायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे थांबायला हवं होतं, पण ते पुढे अनेक वर्षं चालूच राहिलं. 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने वनखात्याबरोबर आग्र्याजवळ किठम इथे केंद्र उभारलं, सहाशेहून अधिक अस्वलं सोडवली आणि अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरे उद्योग, त्यांच्या मुलांना शाळा मिळवून दिली. त्या कुटुंबांचं पोट भरण्याची सोय झाली नसती तर ही प्रथा मोडली नसती, असं मला ठाम वाटतं. नाचवलं जाणारं शेवटचं अस्वल २००९ मध्ये सोडवलं गेलं. सुळे गेलेली, रानात पोट भरायला कधी न शिकलेली ही अस्वलं जंगलात जगू शकत नाहीत, म्हणून त्यांना जन्मभर सांभाळावं लागतं.

आपल्या भागात याच्या उलट चूक होते. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात, आणि गावकरी त्यांना उचलून दूध पाजतात. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात. माणसाचा हात लागला की मादी पिल्लू टाकते, ही समजूतही खरी नाही. पश्चिम महाराष्ट्रात वनखात्याने अनेकदा बछडे सापडल्या जागी ठेवून लोकांना लांब थांबवलं, आणि रात्री मादी येऊन त्यांना घेऊन गेली. खरी 'सुटका' पुष्कळदा पिल्लू न उचलण्यातच असते.

दयेपोटी वन्य पिल्लू पाळलं, तरी तो गुन्हाच ठरतो. कायद्याने ते सरकारची मालमत्ता आहे आणि असा प्राणी हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे.

तेव्हा सेवेला जायचं असेल तर केंद्राला आधी तीन प्रश्न विचारा : वनखात्याची परवानगी आहे का, पूर्णवेळ पशुवैद्यक आहे का, आणि स्वयंसेवकांना प्राणी हाताळू देतात का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर तिथे जाऊ नका. आणि कोल्हापूरच्या कुठल्याही शिवारात जखमी जनावर किंवा एकटं पिल्लू दिसलं, तर त्याला हात न लावता, गर्दी न जमवता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.