मेंदूतल्या 'तारां'चं रंगीत चित्र: फोटो की अंदाज?

लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांचे झुपके आणि त्यांतून उभा राहणारा माणसाचा मेंदू. विज्ञानाच्या बातम्यांसोबत हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. खाली बहुधा 'मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा' असं लिहिलेलं असतं. एखाद्या ताकदवान कॅमेऱ्याने मेंदूच्या आतल्या तारांचा फोटो काढला असावा, असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला एकही धागा यंत्राने पाहिलेला नसतो. यंत्राने मोजलेली असते ती पाण्याची हालचाल. धागे नंतर संगणकाने काढलेले असतात.

हा फरक समजून घेणं गरजेचं आहे, कारण याच तंत्राच्या आधारे मेंदूच्या शस्त्रक्रियांची आखणी होते आणि मुलांच्या मेंदूबद्दल मोठे दावेही केले जातात.

पांढरा भाग म्हणजे काय?

मेंदूचा छेद घेतला तर बाहेर करडा थर आणि आत पांढरट भाग दिसतो. करड्या थरात चेतापेशींची मुख्य शरीरं असतात. पांढऱ्या भागात त्या पेशींपासून निघालेले लांब तंतू असतात. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, म्हणून हा भाग पांढरा दिसतो. त्यालाच श्वेतद्रव्य म्हणतात. आवरणामुळे संदेश वेगाने जातो. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणाऱ्या एका जुडग्यातच अंदाजे २० कोटी तंतू असतात.

पूर्वी हे तंतू मृत्यूनंतरच पाहता येत. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या योझेफ क्लिंगलर यांनी १९३०च्या दशकात फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मेंदू गोठवण्याची पद्धत रूढ केली. बर्फाच्या कणांमुळे तंतू सुटे होत आणि जुडगी हाताने सोलून वेगळी करता येत. जिवंत माणसात हे शक्य नव्हतं.

पाण्यावरून दिशा कशी कळते?

शरीरातल्या पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे हलत असतात. उसाच्या मोळीत शिरलेली मुंगी आठवा. उसाच्या लांबीकडे ती सहज चालत जाते, पण आडवं जायचं तर प्रत्येक ऊस वाटेत येतो. तंतूंच्या जुडग्यात पाण्याचं तसंच होतं. म्हणजे पाणी ज्या दिशेला जास्त सरकतं, ती तंतूंची दिशा.

१९८०च्या दशकात फ्रान्समध्ये डेनिस ल बिहान यांनी एमआरआय यंत्राने मेंदूतली ही हालचाल टिपून दाखवली. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिहान यांनी प्रत्येक ठिकाणची मुख्य दिशा काढायची गणिती रीत मांडली. दशक संपता संपता त्या दिशा एकापुढे एक जोडून रेषा काढणं सुरू झालं. यालाच ट्रॅक्टोग्राफी म्हणतात. चित्रातले रंगही दिशाच सांगतात: लाल म्हणजे डावी-उजवीकडे, हिरवा पुढे-मागे, निळा वर-खाली.

अडचण कुठे आहे?

एमआरआय मेंदूचे छोटे चौकोनी ठोकळे पाडून मोजमाप करतो. ठोकळ्याची बाजू साधारण २ मिलिमीटर असते, तर तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एका ठोकळ्यात लाखो तंतू मावतात आणि ते एकाच दिशेने जातीलच असं नाही. दोन जुडगी एकमेकांना छेदून सरळ गेली, की नुसती टेकून आपापल्या बाजूला वळली, हे पाण्याच्या हालचालीवरून सांगणं अवघड असतं. संदेश कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे जातो, हे तर कळतच नाही.

या पद्धतीची परीक्षाही झाली आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० संशोधक गटांना संगणकावर तयार केलेला मेंदूचा डेटा दिला गेला. त्यात २५ जुडगी कुठून कुठे जातात, हे परीक्षकांना आधीच माहीत होतं. गटांनी ९६ नकाशे पाठवले. खरी जुडगी बहुतेक सापडली, निदान अंशतः तरी. पण अस्तित्वात नसलेली जुडगी खऱ्यांपेक्षा जास्त निघाली आणि त्यातल्या अनेक चुका वेगवेगळ्या गटांनी सारख्याच केल्या होत्या.

डोकं हललं तर?

स्वमग्न मुलांच्या मेंदूतल्या जोडण्या सगळीकडेच कमकुवत असतात, असे निष्कर्ष बरीच वर्षं येत होते. पण एमआरआयमध्ये बराच वेळ अजिबात न हलता पडून राहावं लागतं आणि लहान मुलांना, त्यातही स्वमग्न मुलांना, ते कठीण जातं. डोकं हललं की आकडे बिघडतात.

अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्वमग्न आणि इतर मुलांची तुलना करताना डोक्याची हालचाल सारखी असलेलीच स्कॅन्स घेतली. तेव्हा बहुतेक फरक नाहीसे झाले. उजव्या बाजूच्या एका जुडग्यातला फरक तेवढा उरला. 'तुमच्या मुलाच्या मेंदूतल्या तारा नीट जुळलेल्या नाहीत' असं ऐकणाऱ्या पालकांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

मग उपयोग काय?

उपयोग मोठा आहे. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की पेशी सुजतात आणि पाण्याची हालचाल मंदावते. साध्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नसताना डिफ्युजन एमआरआयमध्ये हा बदल पहिल्या काही तासांतच दिसू शकतो. इथे रेषा काढायच्याच नसतात, थेट मोजलेली हालचाल पुरेशी असते.

मेंदूतली गाठ काढताना हातापायांच्या हालचालीचं जुडगं गाठीपासून किती दूर आहे, याचा अंदाज ट्रॅक्टोग्राफीतून येतो. मात्र अनेक शस्त्रक्रियांत सर्जन त्या अंदाजावरच थांबत नाहीत. ऑपरेशन चालू असताना सौम्य विद्युतप्रवाह देऊन ते जागेची खात्री करून घेतात.

पुढच्या वेळी 'अमुक लोकांच्या मेंदूतल्या जोडण्या कमी' अशी बातमी दिसली तर काही प्रश्न विचारावेत. किती जणांचं स्कॅन झालं? डोक्याच्या हालचालीचा हिशेब धरला का? दुसऱ्या गटाला तोच निष्कर्ष मिळाला का? बातमीत ही उत्तरं नसतील, तर ती रंगीत रेषांच्या भरवशावर खरी मानायची घाई करू नये.