पडद्याचे कुलूप आणि फाइलींचे अधिकार

लिनक्स यंत्रावर प्रवेश करताना जो परवलीचा शब्द निर्विघ्न स्वीकारला जातो, तोच शब्द तासाभराने पडद्याचे कुलूप उघडताना चुकीचा ठरावा, ही घटना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कळफलकाची मांडणी बदललेली नाही आणि ‘कॅप्स लॉक’ची कळही दाबलेली नाही, एवढी खात्री झाल्यावर दोष स्मरणशक्तीकडे न शोधता फाइलींच्या अधिकारांकडे शोधणे इष्ट होय. त्यासाठी शब्दाची परीक्षा प्रत्यक्षात कोण घेते, हे पाहिले पाहिजे.

प्रारंभीच्या युनिक्समध्ये परवलीच्या शब्दांची सांकेतिक रूपे कोणालाही वाचता येतील अशा फाइलीत ठेवलेली असत. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ शब्दांची छाननी आढळते. त्यांपैकी सुमारे ८६ टक्के अति आखूड किंवा सहज हुडकता येण्याजोगे निघाले. पुढे ही रूपे ‘शॅडो’ नामक स्वतंत्र फाइलीत हलविण्यात आली. डेबियनमध्ये तिचे अधिकार ०६४० असून मालक ‘रूट’ व गट ‘शॅडो’ असतो. फेडोरात ते ०००० असतात, म्हणजे कागदोपत्री ती कोणालाच वाचता येत नाही. रूटला मात्र हा निर्बंध लागू पडत नाही.

प्रवेश देणारा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालतो, म्हणून त्यास ही फाइल वाचता येते. याच्या उलट, कुलपाचा प्रोग्राम बहुधा सामान्य वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालतो. ‘पॅम’ व्यवस्था अशा वेळी ‘युनिक्स_सीएचकेपीडब्ल्यूडी’ या छोट्या साहाय्यक प्रोग्रामास पाचारण करते. त्यास डेबियनमध्ये ‘सेटजीआयडी’ (२७५५) व फेडोरात ‘सेटयूआयडी’ (४७५५) ही खूण असते, आणि तिच्या बळावर तो शॅडो फाइल वाचतो. सामान्य वापरकर्त्यास तो केवळ त्याच्या स्वतःच्या शब्दाविषयी होय अथवा नाही एवढेच सांगतो. ही खूण नाहीशी झाली की साहाय्यक पंगू होतो आणि शब्द बरोबर असूनही कुलूप उघडत नाही.

खूण नाहीशी होण्याची कारणे साधी असतात: अधिकार न राखता केलेली प्रणालीची नक्कल, संपूर्ण निर्देशिकेवर सरसकट चालविलेली ‘सीएचमॉड’ आज्ञा, किंवा ‘नोसुइड’ पर्यायाने जोडलेले विभाजन. या शेवटच्या प्रकारात खूण दिसते खरी, परंतु निष्फळ असते. आणखी एक प्रकार तर दुरुस्ती करणाऱ्यासच चकवितो. मालक वा गट बदलणारी ‘सीएचओन’ आज्ञा लिनक्समध्ये ही खूण पुसून टाकते. म्हणून आधी सीएचओन आणि मगच सीएचमॉड, हा क्रम सोडून चालत नाही.

कुलूपबंद पडद्यामागे अर्धवट काम अडकलेले असले, तरी यंत्र बंद करण्याचे कारण नाही. दुसऱ्या आभासी टर्मिनलवर प्रवेश करून साहाय्यक प्रोग्रामाचे अधिकार ‘एलएस -एल’ने पाहावेत आणि ते पूर्ववत करावेत; किंबहुना संबंधित पॅकेज पुन्हा बसविणे अधिक सुरक्षित. शॅडो फाइलच सर्वांना वाचण्यास खुली करणे हा उपाय मात्र सर्वस्वी त्याज्य होय. त्याने कुलूप उघडले, तरी यंत्रावरील प्रत्येकाच्या शब्दाचे सांकेतिक रूप इतर सर्वांच्या हाती पडते. दुरुस्तीनंतरची चाचणीही ते दुसरे टर्मिनल उघडे ठेवूनच घ्यावी.